उपयोगाचा रकाना

२०२४ च्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला सगळे जमले होते, जंतांमध्ये मायक्रोआरएनए, म्हणजे जीनच्या कामावर ताबा ठेवणारे छोटे आरएनए, शोधल्याबद्दलचं वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर होऊन तीनेक आठवडे झाले होते आणि कुणीतरी तो विषय काढला. मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, ते म्हणाले, जंतांवर चाळीस वर्षं संशोधन करायचं, त्याला नोबेल द्यायचं, आणि इकडे सरकारी दवाखान्यात साध्या तापाचं औषध मिळत नाही, या सगळ्याचा उपयोग काय? माझी मावसबहीण बायोटेक शिकलेली, ती लगेच उसळली, मामा, तुम्हाला माहीत नाही, या मायक्रोआरएनएमुळे उद्या कॅन्सर बरा होणार आहे. मग मामा म्हणाले, उद्या म्हणजे कधी? ती म्हणाली, संशोधनाला वेळ लागतो. मामा म्हणाले, चाळीस वर्षं पुरली नाहीत? आणि मग चकल्या संपेपर्यंत हेच चालू राहिलं. मी त्या दिवशी फार बोललो नाही पण नंतर हीच वादावादी मला जिथे तिथे दिसायला लागली, संशोधनाच्या बजेटवरच्या चर्चेत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, टीव्हीवर, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजू एकच चूक करतायत असं वाटत राहिलं.

ती चूक अशी की दोघंही उपयोगाचाच हिशोब मांडतायत. एक म्हणतो उपयोग शून्य, दुसरा म्हणतो उपयोग प्रचंड आहे फक्त उशिरा मिळेल. माझं म्हणणं आहे की मूलभूत संशोधनाला पैसे देताना ‘उपयोग काय’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरच नसतं, आणि ज्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही तो सरकारी फॉर्ममध्ये सक्तीने विचारला की लोक खोटं उत्तर द्यायला शिकतात. त्यामुळे मामांचा प्रश्न चुकीचा आहेच, पण बहिणीचा बचाव मला त्याहून घातक वाटतो. कारण प्रश्न विचारणाऱ्याला समजावता येतं, खोटं वचन दिलेल्याला मात्र ते कधीतरी फेडावं लागतं, आणि फेडता आलं नाही की लोकांचा सगळ्याच विज्ञानावरचा विश्वास जातो. मायक्रोआरएनएची गोष्ट मी निवडतोय कारण यात दोन्ही बाजूंचं चुकलेलं स्पष्ट दिसतं.

आधी तो जंत. सी. एलेगन्स हे त्याचं नाव, जेमतेम एक मिलिमीटर लांब, कुजक्या फळांत आणि मातीत राहणारा, माणसाला त्याचा काही त्रास नाही, म्हणजे पोटात होतात ते जंत हे नव्हेत. अंगाने पारदर्शक, त्यामुळे जिवंत असतानाच मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशी दिसते, आणि अंड्यापासून साधारण तीन दिवसांत मोठा होतो. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजला हा प्राणी निवडला आणि १९७४ साली त्याच्या जेनेटिक्सवर पेपर काढला, पुढे जॉन सल्स्टन यांनी तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळा लावून प्रत्येक पेशी कुठून आली, कुणाची मुलगी कोण, याची अख्खी वंशावळ काढली. प्रौढ जंतात जननपेशी सोडून ९५९ पेशी असतात, त्यातल्या ३०२ मज्जापेशी. हे मोजून झालं म्हणूनच पुढचा प्रश्न विचारता आला, की एखाद्या पेशीला आपली वेळ झाली हे कळतं कसं? कारण काही म्युटंट जंत असे सापडले होते ज्यांना वेळ कळतच नव्हती. लिन-४ नावाच्या जीनमध्ये बिघाड असला की जंत पहिल्या अवस्थेतलीच कामं पुन्हा पुन्हा करत राहायचा, आकाराने वाढायचा पण अंडी बाहेर टाकायची वाटच तयार व्हायची नाही, मग पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर यायची. आणि लिन-१४ नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये बिघाड असला की बरोबर उलटं, जंत पहिली पायरी गाळून पुढच्याच कामाला लागायचा.

एमआयटीमध्ये रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या लॅबमध्ये १९८० च्या दशकात व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोघं, म्हणजे ज्यांना २०२४ चं नोबेल मिळालं तेच, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक म्हणून याच म्युटंटांवर काम करत होते. पुढे दोघांच्या वेगळ्या लॅब झाल्या, अँब्रोसकडे लिन-४ आणि रुव्हकुनकडे लिन-१४. अँब्रोस यांच्या लॅबमध्ये रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांनी लिन-४ शोधत शोधत डीएनएचा तुकडा सातेकशे अक्षरांपर्यंत आणला आणि तिथे अडकल्या, कारण त्यात प्रोटीन बनवायची कृतीच सापडेना. जीन म्हणजे प्रोटीनची कृती अशी तेव्हाची पक्की समजूत. प्रोटीन असतं तर बिघडलंच असतं असे बदल मुद्दाम करून बघितले तरी तो तुकडा आपलं काम करतच राहिला. शेवटी निघाला तो फक्त २२ अक्षरांचा आरएनए. तिकडे रुव्हकुनच्या लॅबमध्ये दिसत होतं की लिन-१४ चे जे काही म्युटंट लिन-४ च्या म्युटंटांसारखेच वागतात त्यांचा बिघाड प्रोटीनच्या कृतीत नाही, कृती संपल्यावर जी शेपटी असते तिच्यात आहे. १९९२ च्या जूनमध्ये दोघांनी आपापली अक्षरं एकमेकांना कळवली आणि एकाची २२ अक्षरं दुसऱ्याच्या शेपटीवर सात ठिकाणी जुळतायत हे दोघांच्याही लक्षात आलं. डिसेंबर १९९३ मध्ये दोन्ही पेपर एकाच अंकात शेजारी शेजारी छापून आले.

हे नेमकं चालतं कसं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण न समजता ‘कॅन्सर बरा होणार’ म्हणणं आणि न समजता ‘निरुपयोगी’ म्हणणं सारखंच. डीएनए म्हणजे तलाठ्याकडचं मूळ रजिस्टर समजा, ते केंद्रकातून बाहेर जात नाही, बाहेर जातो तो उतारा म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि तो वाचून प्रोटीन बनतं. मायक्रोआरएनएसुद्धा डीएनएवरूनच उतरतो पण तो वाचण्यासाठी नसतो. आधी लांब धागा बनतो, तो स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखा होतो, केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाइम तो कापून सत्तरेक अक्षरांचा करतं, मग तो बाहेर येतो आणि डायसर नावाचं दुसरं एन्झाइम त्याचा २२ अक्षरांच्या आसपासचा तुकडा करतं. हा तुकडा अर्गोनॉट नावाच्या प्रोटीनमध्ये जाऊन बसतो आणि ते दोघं मिळून पेशीतले उतारे तपासत फिरतात. तुकड्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरं एखाद्या उताऱ्याच्या शेपटीशी जुळली की तो उतारा वाचला जाणं मंदावतं आणि हळूहळू तो नष्टही होतो. मूळ रजिस्टर जसंच्या तसं राहतं. मामांच्या भाषेत सांगायचं तर हा दारं धरणारा माणूस आहे. पाणी कालव्यातून सुटलेलं आहे, ते तो बनवत नाही, पिकाचं बीही त्याचं नाही, पण कुठल्या वाफ्यात किती वेळ पाणी जाऊ द्यायचं आणि कधी दारं मोडून पुढच्या वाफ्यात घ्यायचं हे त्याच्या खोऱ्यावर ठरतं. आणि ज्याने दारं धरलीयत त्याला माहीत असतं की पीक पाण्यावाचून जातं तसंच जास्त पाण्यानेही जातं. म्हणजे जीन आहे की नाही एवढ्याने भागत नाही, किती आणि कधी हे निम्मं गणित आहे, आणि ते निम्मं गणित आपल्याला १९९३ पर्यंत या बाजूने दिसलेलंच नव्हतं.

आणि १९९३ नंतर तरी दिसलं का? नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि सत्काराच्या भाषणांत हीच गाळली जाते. पेपर छापून आले आणि पुढची सात वर्षं जवळपास शांतता, कारण लिन-४ सारखं दुसऱ्या प्राण्यात काही सापडलं नव्हतं, त्यामुळे ही या जंताचीच काहीतरी खोड असणार असं जाणकारांनाही वाटलं. अँब्रोस यांना तर त्याआधीच हार्वर्डमध्ये टेन्युअर म्हणजे कायमची नेमणूक मिळाली नव्हती आणि ते डार्टमथला गेले होते. २००० साली रुव्हकुन यांच्या लॅबने लेट-७ नावाचा दुसरा तसाच जीन काढला, आणि त्याच वर्षी दाखवलं की तो माशीत आहे, माशात आहे, माणसातही आहे. ५० कोटी वर्षांहून जास्त काळ ती अक्षरं जवळपास तशीच टिकलीत. मग सगळे धावले, २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी असे डझनावारी छोटे आरएनए शोधले आणि मायक्रोआरएनए हे नाव रूढ झालं. पुढे कळलं की लिन-४ चासुद्धा भाऊबंद माणसात आहे, आणि माणसाच्या प्रोटीन बनवणाऱ्या जीन्सपैकी निम्म्याहून जास्तींवर कुठल्या ना कुठल्या मायक्रोआरएनएचं नियंत्रण आहे. आता सांगा, १९८५ साली अँब्रोस यांनी ग्रँटच्या फॉर्ममध्ये उपयोगाच्या रकान्यात काय लिहायला हवं होतं? ‘काही जंतांना अंडी घालता येत नाहीत, का ते बघायचंय’ एवढंच खरं होतं. त्याहून जास्त एक शब्द लिहिला असता तरी ते खोटं ठरलं असतं, आणि खरं लिहिलेलं बघून आपल्याकडच्या किती कमिट्यांनी पैसे दिले असते? खुद्द अमेरिकेत याच काळात विल्यम प्रॉक्समायर नावाचे सिनेटर सरकारी उधळपट्टीसाठी दर महिन्याला ‘गोल्डन फ्लीस’ पुरस्कार जाहीर करत होते, १९७५ ते १९८८, आणि त्यात विचित्र वाटणाऱ्या शीर्षकांचे संशोधन प्रकल्प अलगद सापडायचे. जंताच्या अंड्यांचा प्रकल्प त्यांच्या हाती लागला असता तर?

जाणकारांनाही ओळखू न येण्याचं हे एकमेव उदाहरण नाही. १९९० साली पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग आणखी गडद करायचा म्हणून शास्त्रज्ञांनी रंगाच्या जीनची एक जादा प्रत रोपात घातली, आणि काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली. जीन जादा आणि रंग गायब, हे काय आहे? फुलांचा व्यवसाय म्हणून बघितलं तर प्रयोग फसला. पण ती पांढरी फुलं फेकून न देता छापली गेली, आणि १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी याच जंतात दुहेरी आरएनएने जीन गप्प करता येतो हे दाखवलं तेव्हा त्या फुलांचा अर्थ लागला. २००६ ला त्यांना नोबेल मिळालं. लहान आरएनए, तो कापणारं डायसर, त्याला धरणारं अर्गोनॉट, ही सगळी मंडळी दोन्ही गोष्टींत तीच निघाली. फसलेल्या फुलाची नोंद नीट ठेवली होती म्हणून ती कामाला आली. उपयोग बघून कुणी ती ठेवलेली नव्हती.

आता मामांच्या बाजूने, कारण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. देश गरीब आहे, टीबीचे जगातले सगळ्यात जास्त पेशंट आपल्याकडे आहेत, पैसा लोकांच्या करातून येतो, मग पैसे देणाऱ्याने मला काय मिळणार हे विचारूच नये का? विचारावं, हक्क आहे त्याचा. पण ‘टीबी की जंत’ अशी निवड आपल्यापुढे खरंच आहे का? भारत संशोधनावर जीडीपीच्या साधारण ०.६४ टक्के खर्च करतो, म्हणजे मूलभूत, उपयोजित, अवकाश, संरक्षण सगळं धरून, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास करतो आणि दक्षिण कोरिया चारच्या वर. दवाखान्यातलं औषध जंतांनी खाल्लेलं नाही. बरं, टीबीचंच घेऊ. आज जिल्हा रुग्णालयात थुंकीचा नमुना देऊन सीबीनॅटचा रिपोर्ट दोन तासांत मिळू शकतो आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हेही कळतं. ते मशीन पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीवर चालतं, आणि पीसीआर रोजच्या वापरात आलं ते उकळीच्या जवळच्या तापमानातही न मरणाऱ्या एका एन्झाइममुळे, जे ज्या जिवाणूपासून घेतलं तो थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत शोधला आणि १९६९ साली त्याची नोंद छापली. इतक्या गरम पाण्यात काही जगतं का एवढाच त्यांचा प्रश्न होता. टीबीच्या पेशंटचा त्यात विचारही नव्हता, आणि तरी आज नंदुरबारच्या माणसाच्या थुंकीच्या तपासणीमागे तो झरा आहे.

पण थांबा, इथेच समोरचा सगळ्यात जोरकस मुद्दा काढू शकतो आणि मला वाटतं तो काढायलाच हवा. तो म्हणेल, तुम्ही जिंकलेल्यांचीच गोष्ट सांगताय. एक लिन-४, एक गरम झरा, एक पांढरं फूल. ज्या हजारो प्रकल्पांतून काहीच निघालं नाही त्यांचं काय? लॉटरी लागलेल्या माणसाची मुलाखत घेऊन सगळ्यांनी लॉटरी काढावी असं म्हणता येत नाही. हे अगदी बरोबर आहे, आणि विज्ञानाच्या बाजूने बोलणारे ‘बघा, शेवटी उपयोग झाला की नाही’ म्हणतात तेव्हा ते याच खड्ड्यात पडतात. मला याचं उत्तर मामांच्याच आयुष्यात सापडलं. मामांनी नोकरीची पहिली काही वर्षं नदीकाठच्या एका मोजणी केंद्रावर काढली, पट्टीवर पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, रोज, पाऊस असो नसो. त्यातल्या बहुतेक नोंदी कुणी कधी उघडून बघितल्या नसतील. मग तो पगार वाया गेला का? तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी हातात असल्याशिवाय धरणाचा सांडवा किती मोठा ठेवायचा हे कुठलाच इंजिनिअर सांगू शकत नाही, आणि कुठल्या दिवसाची नोंद निर्णायक ठरेल हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. पुराचा एक दिवस कामाचा ठरतो म्हणून बाकीचे दिवस लॉटरीची फुकट गेलेली तिकिटं होत नाहीत, कारण बाकीचे दिवस असल्याशिवाय तो पूर होता हेच कळत नाही. जंतांचंही तसंच आहे. सल्स्टन यांची वंशावळ नसती तर लिन-४ च्या म्युटंटमध्ये काय बिघडलंय हे दिसलंच नसतं. हा जंत गोठवून ठेवता येतो आणि वर्षांनी वितळवून पुन्हा जिवंत करता येतो, त्यामुळे ज्या म्युटंटांतून तेव्हा काही निघालं नाही असे हजारो प्रकार अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात ठेवलेले आहेत आणि जगातली कुठलीही लॅब थोड्या पैशांत मागवू शकते. लॉटरीचं हरलेलं तिकीट कुणी असं जपून ठेवतं का?

म्हणजे वाया जातं ते संशोधन वेगळंच असतं. प्रश्न धूसर आहे, प्रयोग असा रचलाय की काहीही आलं तरी ‘यश’ म्हणता येईल, आणि नोंद कुणी पडताळू शकत नाही, ते वाया जातं. आणि मायक्रोआरएनएच्याच क्षेत्रात असं भरपूर झालं, तेही उपयोगाच्या नावाखाली. २००० नंतर विषय फॅशनमध्ये आला, जो तो रक्तातला मायक्रोआरएनए मोजून कॅन्सरची तपासणी काढायला निघाला, अमुक कॅन्सरला तमुक मायक्रोआरएनए अशा याद्या छापून आल्या आणि एका लॅबची यादी दुसरीशी जुळेना. का? बऱ्याच वेळा रक्त काढताना, हाताळताना लाल पेशी फुटायच्या आणि त्यांच्यातला मायक्रोआरएनए नमुन्यात मिसळायचा, म्हणजे मोजत होतो आजार आणि येत होती सुईची करामत. २०१२ मध्ये एक पेपर आला की भातातला मायक्रोआरएनए आपल्या रक्तात जातो आणि लिव्हरमधल्या कोलेस्टेरॉलशी संबंधित जीनवर परिणाम करतो. केवढी खळबळ, भात खाणाऱ्या निम्म्या जगाची गोष्ट! पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटांनी पडताळून बघितलं तर तसा परिणाम त्यांना मिळाला नाही. जंतांच्या प्रयोगांत चुका होत नाहीत असं मी म्हणत नाही, पण तिथे दुसऱ्या लॅबने तोच म्युटंट मागवून तपासायची रीत होती आणि उद्या बातमी व्हायची घाई नव्हती.

आता बहिणीचा मुद्दा. औषध येणार हे ती कशाच्या जोरावर म्हणते? आधार अगदीच नाही असं नाही. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं की एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये, ज्याला सीएलएल म्हणतात, बऱ्याच पेशंटमध्ये दोन मायक्रोआरएनएचे जीन गळून गेलेले असतात. मग एमआर-३४ नावाच्या, ट्युमरला आवर घालणाऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल करून औषध बनवलं, माणसांवर चाचणीही सुरू झाली, आणि २०१६ मध्ये ती थांबवावी लागली कारण प्रतिकारशक्तीच्या गंभीर रिअ‍ॅक्शन आल्या, काही पेशंट दगावले. हेपटायटिस सी साठी यकृतातल्या एमआर-१२२ ला अडवणारं मिराव्हिरसेन हे औषध २०१३ मध्ये चाचणीत बऱ्यापैकी चाललं होतं, पण त्याच वर्षाच्या अखेरीस सोफोसबुविरची गोळी आली आणि या औषधाची गरजच उरली नाही. अजूनपर्यंत मायक्रोआरएनएवर आधारलेलं एकही औषध मान्यता घेऊन बाजारात आलेलं नाही. मागे कारणही आहे, आणि ते मूलभूत संशोधनानेच सांगितलंय. एक मायक्रोआरएनए शेकडो उताऱ्यांना थोडं थोडं दाबतो, एकेका प्रोटीनवरचा परिणाम बहुतेक वेळा निम्म्याहूनही कमी असतो, मग दारं धरणाऱ्या एका माणसाला काढून दुसरा ठेवला की एक वाफा बदलत नाही, अख्ख्या शिवाराचं पाणी थोडं थोडं बदलतं. याच्या भावंडाच्या वाटेने, म्हणजे फायर-मेलो यांच्या शोधावरून, पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्ये आलं खरं, पण त्यात आपण ठरवून एकाच उताऱ्यावर नेम धरतो, ते काम वेगळं. तेव्हा बहिणीला मी म्हणेन, ज्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे तिथे तुझं वाक्य कुणी ऐकलं तर त्यांच्या मनात काय येईल? आशा दाखवून संशोधनाला पाठिंबा मिळवायचा आणि ती आशा पेशंटच्या नातेवाइकाने वाहायची, हे मला पटत नाही.

मग या सगळ्यातून मिळालं काय? मिळालं ते असं की जिथे आधी काहीच दिसत नव्हतं तिथे कारण दिसायला लागलं. हॉलंडच्या टेक्सेल बेटावरून आलेल्या टेक्सेल जातीच्या मेंढ्या अंगाने फार भरलेल्या असतात. त्यांच्या मायोस्टॅटिन जीनचं प्रोटीन अगदी ठीक आहे, मग स्नायू एवढे का वाढतात? २००६ मध्ये कळलं की उताऱ्याच्या शेपटीत एक अक्षर बदललंय आणि त्यामुळे स्नायूंमधल्या मायक्रोआरएनएला बसायला तिथे नवीन जागा तयार झालीय, म्हणून मायोस्टॅटिन कमी बनतं आणि स्नायूंना आवर राहत नाही. पूर्वी आपण शेपटीकडे बघतच नव्हतो. स्पेनमध्ये काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणं हळूहळू कमी होत जायचं, २००९ मध्ये कळलं की एमआर-९६ मधलं एकच अक्षर बदललंय. लहान मुलांच्या फुप्फुसात होणारा एक दुर्मिळ ट्युमर काही घरांत पुन्हा पुन्हा का दिसतो, तर तिथे डायसरचा जीन बिघडलेला असतो. हे कळलं म्हणून मूल लगेच बरं होत नाही, पण त्या आईला ‘तुझ्या हातून काही चुकलं का’ या प्रश्नातून सोडवता येतं, आणि दुसऱ्या मुलावर लक्ष ठेवता येतं. मला हे कमी वाटत नाही.

आणि उपयोगाची एवढी चाड असलेल्या आपल्या देशाने उपयोगी संशोधन तरी ओळखलं का? शंभूनाथ डे यांनी कलकत्त्यात १९५९ साली दाखवलं की कॉलराचे जिवाणू गाळून काढले तरी उरलेल्या पाण्यातलं विष सशाच्या आतड्यात तोच आजार घडवतं. कॉलराचा जिवाणू ओळखणाऱ्या रॉबर्ट कॉक यांच्या काळापासून ज्या विषाचा नुसता अंदाज होता ते बंगालमध्ये, कॉलराच्याच गावात, साध्या साधनांनी हाती लागलं. याहून उपयोगी विषय कुठला? तरी डे १९८५ ला गेले तोपर्यंत देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नव्हतं. तेव्हा ‘उपयोग काय’ विचारणाऱ्यांना उपयोग खरंच दिसतो असं मला वाटत नाही, बारकाईने बघायचे कष्ट टाळायला तो प्रश्न सोयीचा पडतो इतकंच. उलट कुलाब्याला टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकींना बोलावून जीवशास्त्राचा विभाग काढायला लावला तेव्हा अणुऊर्जेच्या माणसाने कुणालाही उपयोग विचारला असता तर तिथे पुढे फळमाशीवर काम उभं राहिलंच नसतं. आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय, २०२३ चा कायदा आहे, पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा सांगितलाय, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचाय. खाजगी पैसा आला की पहिला प्रश्न हाच येणार, ते साहजिक आहे, कंपनीने तो विचारावाच. पण सरकारी पैशाने मूलभूत कामाच्या फॉर्ममधून हा रकाना काढावा आणि त्या जागी विचारावं की प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का, उत्तर ‘नाही’ आलं तर ते कसं कळणार, फसलेला प्रयोगही छापणार का, आणि नमुने, नोंदी, म्युटंट दुसऱ्याला मिळतील अशा ठेवणार का. खर्च वाजवी आहे का हेही विचारा, कडकपणे विचारा. करदात्याला यातून ‘उपयोग काय’ पेक्षा कितीतरी जास्त हिशोब मिळेल, कारण या प्रत्येकाचं उत्तर तीन वर्षांनी तपासता येतं.

मामांना हे सगळं मी भाऊबीजेला सांगितलं, वह्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पण मला एक सांग, त्या जंताला कळतं कसं की आता पहिली अवस्था संपवायची? मी म्हटलं, अंड्यातून बाहेर आल्यावर त्याला खायला मिळालं नाही तर तो आहे तिथेच थांबतो, वाढतच नाही, आणि तोवर लिन-४ ही बंद असतो. खायला मिळालं की मग काही तासांनी लिन-४ सुरू होतो, लिन-१४ उतरतो आणि जंत पुढे सरकतो. मामा म्हणाले, म्हणजे पाणी आल्याशिवाय दारं धरायला कुणी जात नाही. मग त्यांनी विचारलं की ते खायला मिळाल्याचं त्या जीनपर्यंत पोचवतं कोण, आणि तिथून पुढे जेवणं होईपर्यंत आम्ही तेच बोलत बसलो.